सायकलच्या तारेचा चष्मा

मार्च सरत आला होता. गावातल्या आमच्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत सतरंज्या काढायला म्हणून गेले आणि आत कुणीतरी बसलंय असं वाटून दचकले. त्या खोलीला खिडकी नाही. दारातून आलेल्या उजेडात मंडपाचे पाइप दिसत होते, गुंडाळलेल्या दऱ्या, भोंगा, निळ्या झेंड्यांच्या काठ्यांची मोळी. त्यांच्यामागं, खताच्या रिकाम्या पोत्यांवर भिंतीला टेकवून ठेवलेला एक सिमेंटचा चेहरा. खांद्यापर्यंतच. नाकाच्या शेंड्याचा टवका उडालेला. डोळ्यांच्या जागी नुसते दोन गुळगुळीत उंचवटे. मी त्याच्याकडं बघत उभी राहिले आणि 'हा कोण?' असा प्रश्न खरोखर मनात येऊन गेला. दोन-तीन क्षणच असतील. मग कान दिसले. कानाच्या पाळीतलं भोक दिसलं आणि ओळख पटली.

ते बाबासाहेब होते. फक्त चष्मा नव्हता.

सेलूला तपोवन एक्सप्रेसमध्ये बसले तरी ते दोन-तीन क्षण डोक्यातून जाईनात. बाहेर ज्वारी काढून झालेली काळी रानं होती, बांधावर कडब्याच्या वळया, आणि मला राहून राहून एकच वाटत होतं की मी त्यांना ओळखलं नाही. ज्या चेहऱ्यासमोर बसून पाढे म्हटले, नोकरीचं पत्र घरात नेण्याआधी ज्याच्या चौथऱ्यावर ठेवलं, वडिलांना शेवटचं नेताना ज्याच्यासमोर खांदेकऱ्यांनी दोन मिनिटं थांबायचं आपणहून ठरवलं, तो चेहरा. एक तारेचा चष्मा काढला तर तो मला परका वाटला. छत्रपती संभाजीनगर येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. घरी आल्यावर नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं, हेच कळत नव्हतं.

जुना पुतळा उतरवला होता तो नवा यायचा म्हणून. पूर्णाकृती, ब्राँझचा. वस्तीनं पाच-सहा वर्षं त्यासाठी कळ काढली. ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांचा ना-हरकत दाखला, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. माझा चुलतभाऊ समितीचा सचिव आहे, त्याची एक अख्खी बॅग या कागदांनी भरली आहे. मला बोलावलं होतं कोनशिलेचा मजकूर लिहायला. 'ताई, तू लिहितीस, तूच लिही. पाच हजारांच्या वर ज्यांनी दिलेत त्यांची नावं घ्यायची ठरलीय,' तो म्हणाला. दहा हजार मीही दिले होते. त्यामुळं माझंही नाव त्या यादीत होतं, आणि ते माझ्याच अक्षरात मला लिहायचं होतं.

पुतळा घडत होता तेव्हा भाऊ कारखान्यातले व्हिडिओ पाठवायचा. मी ते रात्री पुन्हा पुन्हा बघायची. आधी लोखंडी सांगाड्यावर मातीचं शरीर चढतं. त्यावरून साचा, साच्यातून मेणाची प्रत, मेणावर पुन्हा लेप. मग भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि त्यानं मोकळी केलेली पोकळी धातू भरून काढतो. गनमेटल म्हणतात ते १०० भागांत ८५ भाग तांबं, बाकी कथिल, जस्त आणि शिसं. पण माझ्या मनात घर करून राहिला तो याच्याही आधीचा व्हिडिओ, मातीच्या चेहऱ्याचा. शिल्पकार डोळे करत होता. मला वाटायचं की बुबुळ वरून बसवत असतील, मातीची गोळी लावून. तसं नव्हतं. त्यानं बुबुळाच्या जागची माती कोरून काढली, खळगा केला. खळग्यात सावली पडली, आणि तो निर्जीव गोळा एकदम माझ्याकडं बघायला लागला. नजर म्हणजे तिथं काही ठेवणं नव्हे, तिथलं काढून घेणं, हे मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

आमच्या जुन्या पुतळ्याच्या मिस्त्रीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ती गोष्ट मला आत्याकडून कळली, आणि ती तिनं इतक्यांदा सांगितली आहे की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. आत्या आता सत्तरीला आली आहे. १९७२चा दुष्काळ पडला तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची होती आणि रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होती. त्या वर्षाबद्दल विचारलं की ती आधी हातच दाखवते. उजव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते पुढं सरळ आलंच नाही. 'मिलोची लाल भाकर खायची, सुकडी खायची, आन् खडी फोडायची. आठवड्याला पगार व्हायचा. पगार झाला की तुझा बाप वही घेऊन दारात. घरामागं चार आणे.' माझे वडील तेव्हा नुकतेच प्राथमिक शिक्षक झाले होते. ते औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकलेले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेलं ते कॉलेज नसतं तर आमच्या घरात वही आली नसती आणि चार आणे लिहून घ्यायलाही कुणी नसतं. त्या दुष्काळात, विहिरींचे तळ दिसत असताना, लोकांना पुतळा का करावासा वाटला असेल? मी एकदा आत्याला विचारलं. ती म्हणाली, 'तवा सगळं जायलं होतं ना बाई. ढोरं गेली, माणसं पुण्याममईला गेली. एक तर कायतरी हितं ऱ्हायलं पायजे.'

दिल्लीत संसदेच्या आवारातल्या पुतळ्याचं २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते अनावरण झालं. बी. व्ही. वाघ यांनी तो घडवला. उजवा हात उंचावून बोट दाखवणारे, डाव्या हाताशी संविधान धरलेले बाबासाहेब. आज गावोगावी उभे असलेले पुतळे बहुतेक त्याच घडणीचे आहेत, आमचा नवाही तसाच आहे. पण १९७३ साली आमच्या वस्तीत दिल्लीचा तो पुतळा कुणी पाहिलेला नव्हता, आणि पाहिला असता तरी उपयोग नव्हता. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं. वडिलांनी खेपा घालून घालून मिळवलं ते एक पोतं. एका पोत्यात माणूस खांद्यापर्यंतच होतो. उंचावलेल्या हाताला सळई लागते, पायांना पाया लागतो. म्हणून आमचे बाबासाहेब खांद्यापर्यंतचे.

मिस्त्री मानवतच्या बाजूचा होता. सगळे त्याला चाचा म्हणायचे. शाळेची भिंत बांधायला आला होता. माणसाचा चेहरा त्यानं आयुष्यात कधी केला नव्हता. घरांच्या कठड्यावर मोर करायचा, कमानीवर वेलबुट्टी करायचा. वडिलांनी त्याला कॅलेंडरवरचा फोटो दिला. आत विटांचा गाभा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर सिमेंट. कपाळ जमलं, हनुवटी जमली, कोटाची कॉलर तर सुरेखच जमली. पण फोटो समोरून काढलेला. कान कसे आहेत, मान मागून कशी आहे हे त्यात दिसेना. चाचानं आजूबाजूला बघितलं आणि माझ्या आजोबांना पाटावर बसवलं. तीन दिवस आजोबा हलले नाहीत. त्यांचे कान त्यानं जसेच्या तसे उतरवले, इतके जसेच्या तसे की बाळी घालायचं पाळीतलं भोकसुद्धा केलं. पुतळा झाल्यावर वडिलांच्या ते लक्षात आलं, ते बुजवा म्हणाले. आजोबांनी बुजवू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कानातली बाळी काढून ठेवली ती पुन्हा घातली नाही. 'बाबासायबाला न्हाई, मंग मला कामून,' एवढंच म्हणाले म्हणे.

डोळे मात्र होईनात. चाचानं ते केले आणि खरवडून काढले. पुन्हा केले, पुन्हा खरवडले. आत्या पाणी न्यायला जायची तेव्हा तो चेहऱ्यासमोर नुसता बसलेला असायचा. तिसऱ्यांदा केल्यावर त्यानं थापी खाली ठेवली आणि वडिलांना म्हणाला, गुरुजी, डोळे माझ्या हातात नाहीत. सायकलच्या दोन तारा आणून द्या. सेलूहून रोज सायकलवर येणारे एक मास्तर होते, त्यांनी चाकातल्या दोन तारा काढून दिल्या. चाचानं पक्कडीनं त्या वळवल्या, दोन गोल केले, मधे पूल, बाजूला काड्या, काड्यांना आजोबांच्या कानांमागं अडकणारे आकडे. काळा ऑइल पेंट दिला. चष्मा चढवला आणि वस्ती बघत राहिली. आत्या म्हणते, 'तवर सिमिट होतं. चष्मा घातला आन् बाबासायब आले.' मजुरी त्यानं अर्धीच घेतली. आमच्या घरी जेवला, आमच्या माठातलं पाणी प्याला. हे पाण्याचं आत्या कधीच गाळत नाही.

ती ते का गाळत नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं. मिलिंदमध्ये नाव घालायला वडील मला घेऊन आले तेव्हा एक दिवस हाताशी होता, म्हणून दौलताबादला गेलो. आत शिरल्यावर वडील एका ठिकाणी थांबले आणि त्यांनी १९३४ सालची हकीकत सांगितली. बाबासाहेब आपल्या माणसांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत किल्ला बघायला थांबले. प्रवासाच्या धुळीनं सगळे माखलेले, वेशीजवळ काठोकाठ भरलेला हौद. दोघा-चौघांनी हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. एक म्हातारा धावत आला आणि यांनी हौद बाटवला म्हणून ओरडायला लागला, बघता बघता जमाव झाला. शेवटी आत सोडलं, पण कुठं पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. हिंदूला जो अस्पृश्य तो मुसलमानालाही अस्पृश्यच, असं बाबासाहेबांनी पुढं त्यावर लिहून ठेवलं. वडिलांनी हे सांगितलं आणि पिशवीतली पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली. मी पाणी प्याले. ते आमच्या घरातलं पाणी होतं. म्हणूनच आत्याच्या गोष्टीत चाचा घटाघटा पाणी पितो ते वाक्य येतं तेव्हा मी आजही थांबते. बाबासाहेबांनी लिहिलं ते खरं आहे आणि चाचा पाणी प्याला तेही खरं आहे. यातलं एक सांगून दुसरं सोडून देणाऱ्यांशी माझं जमत नाही.

१४ एप्रिल १९७४ ला पुतळा बसला. मी तेव्हा चार वर्षांची. आठवतं ते एवढंच की कुणाच्या तरी खांद्यावर बसून मी लेझीम बघतेय आणि नव्या ऑइल पेंटचा वास येतोय. तो वास माझ्यासाठी अजूनही जयंतीचाच आहे. दर वर्षी १३ एप्रिलच्या रात्री पुतळा धुवायचा, पुसायचा आणि रंगवायचा. कोटाला निळा, केसांना काळा, चेहऱ्याला गव्हाळ. हे काम पोरांचं, पण चष्मा उतरवून पुसायचा आणि पुन्हा चढवायचा तो आत्यानं. हा मान तिला कुणी दिला नव्हता. तो तिच्याकडं आला १९७८ साली.

त्या वर्षी २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात जे पेटलं ते मी इथं सांगत बसत नाही. आमच्याकडं ज्यांना ते माहीत नाही असं घर नाही. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळ्यांच्या हत्येची बातमी आली त्या रात्री आमच्या वस्तीत चूल पेटली नाही, धूर दिसू नये म्हणून. आमची घरं वाचली. पण पुतळ्याचं काय होणार हे सगळ्यांनाच दिसत होतं. शेजारच्या गावातून निरोप आला होता की आधी तेच फोडतायत. तेव्हा आत्या एकवीस वर्षांची होती, नवरा वारल्यामुळं माहेरी परत आलेली. तिच्या सांगण्यात त्या रात्रीचा पाऊस आहे. चौथऱ्यावरून पुतळा सुटा करताना पहारीचे घाव ऐकू जाऊ नयेत म्हणून वर गोधड्या धरल्या होत्या. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याचं पेव, धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर, मोकळं होतं. वडिलांनी त्याला विचारलं, त्यानं हो म्हटलं. पेवात लगेच उतरता येत नाही. तोंड उघडून आतली घाण हवा जाऊ द्यावी लागते, नाहीतर माणूस आत गेला की परत येत नाही. म्हणून तासभर पावसात, अंधारात, पुतळा गोधडीत गुंडाळून सगळे त्या पेवाच्या तोंडाशी बसून राहिले. आत सोडताना कासरा घसरला आणि नाक दगडाला लागलं.

ज्यानं पेव दिलं त्या माणसाबद्दल काय वाटावं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यानं आपला जीव धोक्यात घातला. त्याच माणसानं त्या दिवसांत सोसायटीच्या कट्ट्यावर बसून आमच्या बाजूनं एक शब्द काढला नाही, आणि पुढंही कधी काढला नाही. वडील मरेपर्यंत पोळ्याला त्याच्या घरी जाऊन यायचे. आत्या कधीच गेली नाही.

पेवात जायच्या आधी आत्यानं चष्मा काढून घेतला. तारा वाकतील म्हणून. घरी नेऊन उतरंडीच्या सगळ्यात खालच्या मडक्यात, डाळीच्या खाली ठेवला. चार महिने तो तिथं होता. वर बाबासाहेब नाहीत, चौथरा रिकामा, आणि डाळ काढायला मडक्यात हात घातला की बोटांना तार लागायची. ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री पुतळा वर काढला तेव्हा त्याला पेवातल्या ज्वारीसारखा आंबूस वास मारत होता. रंगवला, बसवला, आत्यानं चष्मा चढवला. पुढं लाँग मार्च झाला, तुरुंग झाले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. त्या दिवशी वडील औरंगाबादला भडकल गेटपाशी गेले होते. तिथल्या पुतळ्याच्या पायाशी माणसं लहान पोरासारखी रडत होती असं त्यांनी परत येऊन सांगितलं. आत्यानं त्या दिवशी चष्म्याला नवा काळा रंग दिला. जयंती तीन महिन्यांवर असताना.

पुतळे कशाला, त्या पैशात शाळा काढा, दवाखाने काढा, असं आम्हाला सांगणारी शहाणी माणसं मला आयुष्यभर भेटली आहेत. माझ्या कार्यालयातही आहेत. मी त्यांच्याशी भांडत नाही, पण मला जे माहीत आहे ते सांगते. आमच्या वस्तीत पहिला विजेचा खांब आला तो पुतळ्यापाशी आला, कारण अर्जात पुतळ्याचं नाव होतं म्हणून तो मंजूर झाला. घरात रॉकेलच्या चिमण्या होत्या. आम्ही सगळी पोरं त्या खांबाखाली, चौथऱ्याला पाठ टेकून अभ्यास करायचो. पुतळा की शाळा, असा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. शाळा सुटल्यावरची शाळा तिथंच भरायची. आणि माधवराव बागलांनी पुढाकार घेऊन कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा उभा केला तेव्हा बाबासाहेब हयात होते. लोकांना आपला माणूस डोळ्यांसमोर लागतो. ज्यांना गावाच्या मधल्या रस्त्यानं चपला घालून जाता येत नव्हतं, त्यांचा एक माणूस कोट घालून उघड्यावर, रस्त्याच्या कडेला उभा आहे, याचा अर्थ रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्याला कळतो. म्हणूनच फोडायचं ठरलं की आधी हात पुतळ्यावर पडतो.

१० डिसेंबर २०२४ ला परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची तोडफोड झाली. पुढचे दिवस कसे गेले ते आमच्या जिल्ह्याला पाठ आहे. आत्याला त्या आठवड्यात झोप नव्हती. रात्री उठून ती चौथऱ्यापाशी जाऊन बसायची, थंडीत. तिला घरी आणायला भाऊ गेला की म्हणायची, 'आता पेव बी ऱ्हायलं न्हाई.' समितीतल्या पोरांनी त्यानंतर घाई केली. त्यांचं म्हणणं सरळ आहे आणि मला ते पटतं. सिमेंट एका दगडानं फुटतं, ब्राँझ फुटत नाही. भोवती जाळी हवी, कॅमेरा हवा. लपवून ठेवावे लागतात असे बाबासाहेब त्यांना नको आहेत. मी त्यांच्या वयाची असते तर हेच म्हटलं असतं. पैसे मी मनापासून दिले.

पण जुन्याचं काय करायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी कोनशिलेचा मजकूर घेऊन पुन्हा गेले तेव्हा त्यावर बैठक बसली होती. एक जण म्हणाला नदीत सोडू. दुसरा उसळून उठला, आपण विसर्जन करणारे आहोत का, बावीस प्रतिज्ञा विसरलास का? तिसऱ्याचं म्हणणं होतं, नव्या चौथऱ्याच्या पायात ठेवू, म्हणजे नव्याच्या खाली जुना राहील. ते मला क्षणभर पटलं आणि लगेच अंगावर काटा आला. त्यांना पुन्हा जमिनीखाली ठेवायचं? दिल्लीतल्या त्या १९६७च्या पुतळ्यालाही २०२४ मध्ये आपली जागा सोडावी लागली, तो संसदेच्या आवारातच दुसरीकडं नेला, असं कुणीतरी सांगितलं. त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भावानं विचारलं की चष्मा कुठं आहे, कारण उतरवला त्या दिवसापासून तो कुणाला दिसलेला नव्हता.

सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. ती दाराशी बसली होती. 'माझ्यापाशी हाय,' ती म्हणाली. 'बाबासायब कुठं ठुतेत ते आधी सांगा. मंग चष्मा मागा.'

बैठक तिथंच थांबली. पोरं तिच्यावर चिडली नाहीत, हे मला फार बरं वाटलं. अर्ध्या तासानं असं ठरलं की समाजमंदिरातली पुढची खोली, जिथं पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात, तिथं भिंतीत कोनाडा करायचा आणि त्यात जुने बाबासाहेब ठेवायचे. टेबलांच्या समोर. आत्या उठली, घरी गेली आणि फडक्यात बांधलेला चष्मा घेऊन आली. उतरवताना एका बाजूची काडी मुळातूनच तुटली होती आणि पूल पिचला होता. पन्नास वर्षांत गंजलेली तार, सरळ करायला गेलं तर तिसरीकडंच तुटायची. नवा करायला हवा होता. चष्म्याच्या दुकानातून एखादी खरी फ्रेम आणू, असं एका पोरानं सुचवलं. आत्यानं नुसती मान हलवली, नाही अशी. मग शाळेतून मिळालेली सायकल असलेली नववीतली एक मुलगी पुढं आली. तिच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तशाही ढिल्या झाल्या होत्या. पंक्चरवाल्याकडं नेऊन तिनंच त्या काढून आणल्या.

कोनशिलेचा कागद मी भावाला दिला. यादीच्या वर मी चार ओळी वाढवल्या होत्या: १९७३ साली घरामागं चार आणे देणाऱ्या बायकांबद्दल, चाचाबद्दल, दोन तारांबद्दल. दगडावर तेवढी जागा मावेल का, ते बघतो म्हणाला.

तार वळवण्याआधी माप घ्यायचं होतं. मागच्या खोलीतून चौघांनी पुतळा उचलून दारापाशी उजेडात आणला. आत्यानं मला गोधडीचा पांढरा दोरा दिला. मी खाली बसले, दोरा एका कानामागं धरला, माझ्या आजोबांच्या कानामागं, पाळीतल्या भोकाच्या जरा वर, आणि गालावरून, नाकाच्या पुलावरून दुसऱ्या कानापर्यंत नेला. दोऱ्याला गाठ मारली. मग दोन डोळ्यांमधलं अंतर. त्यासाठी डाव्या डोळ्यावर बोट ठेवलं तर रंग हलला. उन्हानं सुटलेला जाड पापुद्रा होता, एकावर एक बसलेल्या पन्नास जयंत्यांचा. कडेला गव्हाळ, त्याच्या आत जरा फिकट, त्याच्याही आत गुलाबीसर. नखाएवढा तुकडा निघून माझ्या तळहातावर आला. खाली उघडं सिमेंट होतं, आणि सिमेंटमध्ये, डोळ्याच्या बरोबर मध्यभागी, अंगठ्यानं दाबून केल्यासारखा एक लहानसा खळगा. दारातून ऊन तिरपं येत होतं. खळग्यात सावली होती.

'हळू गं माय,' आत्या माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, 'आनखी रंग निघंल.'